मोटारीवर मेण चढविण्याची रीत

पावसाळ्यांत परसांतील अळूच्या पानावर पडलेला थेंब पाहिला नाहीं, असा मुलगा आमच्या बदलापूर-अंबरनाथकडे सांपडणें कठीण. पान भिजत नाहीं. थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे घरंगळतो, आणि जातां जातां पानावरील धूळही बरोबर घेऊन जातो. ह्या चमत्काराचें कारण पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे व त्यांवर पसरलेला मेणाचा अत्यंत पातळ थर हें होय. तो थर डोळ्यांस दिसत नाहीं, बोटास लागत नाहीं. तरी आपलें काम चोख बजावतो. मोटारगाडीच्या रंगावर मेण चढवितांना मनुष्य जें करूं पाहतो, तें कांहींसें असेंच आहे. परंतु निसर्गाचा हात चुकत नाहीं, आणि मनुष्याच्या हातून पुष्कळदां गाडीवर पांढुरके पट्टे, ढगाळ डाग व तेलकट फराटे उमटतात. हे फराटे कां उमटतात आणि ते उमटूं न देतां काम कसें तडीस न्यावें, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

विषय क्षुद्र आहे, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटेल. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तिन्ही गांवीं आतां पुष्कळ घरीं एखादें वाहन असतें, आणि अनेकदां तें हप्त्यांनीं घेतलेलें असतें. कित्येक घरचे कर्ते पुरुष भाड्याची मोटार चालवून संसार चालवितात. अशा घरीं गाडीचा रंग ही केवळ शोभेची बाब नव्हे. रंग खरवडला कीं पत्र्यास गंज लागतो, गाडी विकतांना किंमत येत नाहीं, आणि रंग पुन्हां देण्याचा खर्च मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या पैशांतून निघतो. म्हणून हें काम ज्यास करावयाचें, त्यानें तें समजून करावें.

प्रथम मेण म्हणजे काय तें पाहूं. मेण मधमाश्यांच्या पोळ्यांतून मिळतें, वनस्पतींपासून मिळतें, आणि खनिज तेलांतूनही निघतें. ह्या तिसऱ्या प्रकाराशीं अंबरनाथचा जुना परिचय आहे. १९२३ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे ‘विम्को’चा, आगपेट्यांचा कारखाना तेथें होता. कारखान्याचे ते दिवस आतां राहिले नाहींत. पण आगकाडीची घडण अद्याप तीच आहे. काडीच्या टोकास वितळलेलें पॅराफिन मेण मुरवितात, म्हणजे गुल जळून जाण्यापूर्वीं लाकूड पेट घेतें. तेथेंही मेण थोडेंच असतें व वरून दिसत नाहीं.

मोटारीच्या मेणांत मान आहे तो कार्नोबा नांवाच्या वनस्पतिज मेणास. ब्राझील देशाच्या ईशान्य भागांत ताडाच्या कुळांतील एक झाड होतें. तेथील कोरड्या हवेंत पानांतील ओलावा उडून जाऊं नये, म्हणून त्याच्या पानांवर हें मेण सांचतें. मधमाश्यांचें मेण सुमारें ६२ ते ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर वितळतें. कार्नोबा वितळण्यास ८० अंशांहून अधिक उष्णता लागते. वैशाखाच्या उन्हांत तापलेल्या पत्र्यावर कोणतें मेण टिकेल, हें ह्यावरून सहज कळेल.

पूर्वीं हें मेण डबींत घट्ट लेपाच्या रूपानें मिळे. तें चोळावें, वाळूं द्यावें आणि मग पुसून काढावें, अशी रीत असे. हात दुखून येत. हल्लीं तें शिशींत पातळ स्वरूपांत, फवाऱ्याच्या तोटीसह मिळतें, आणि बाजारांत त्यास ‘स्प्रे वॅक्स’ म्हणतात. मेण पाण्यांत विरघळत नाहीं, हें तुम्ही जाणतां. मग हें पातळ कसें झालें? दुधाचें उदाहरण घ्या. दुधांतील स्निग्धांश अति बारीक कणांच्या रूपानें पाण्यांत पसरलेला असतो, म्हणून दूध एकजीव दिसतें. त्याचप्रमाणें मेणाचे, अथवा सिलिकोनसारख्या कृत्रिम द्रव्यांचे, कण साबणाच्या जातीच्या पदार्थांच्या साह्यानें पाण्यांत एकजीव केलेले असतात. शिशी पुष्कळ दिवस तशीच राहिली तर दुधावर साय धरावी तसें जड व हलकें वेगळें होऊं लागतें. म्हणून वापरण्यापूर्वीं शिशी हलवावी. फवारा उडविल्यावर पाणी उडून जातें व मेण मागें राहतें. सर्व रहस्य ह्यांतच आहे. पाणी उडून जाण्यापूर्वीं मेण सारखें पसरलें व जास्तीचें पुसून निघालें, तर चकाकी येते. नाहीं तर फराटा राहतो.

हें मेण ज्या रंगावर बसावयाचें, तो रंग तरी किती जाड असतो? कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मोटार पालकांच्या स्मरणांत असेल. मुंबईंतील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या आक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या काळच्या गाडीचा रंग वरपासून खालपर्यंत रंगच असे. जोरानें घासतां फडकें काळें किंवा पिवळें होऊन येई, आणि आपण रंग खरवडीत आहों हें घासणाऱ्यास तत्काळ कळे. आजच्या गाडीची रचना निराळी आहे. रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर दिलेला असतो, आणि तो मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतका, म्हणजे डोक्याच्या केंसाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. तो झिजला तरी फडकें पांढरेंच राहतें. झीज झाल्याची सूचना देणारें कोणी उरलें नाहीं, म्हणून आतां अधिक सावध राहावयास हवें. फराटे काढण्यासाठीं पुनःपुन्हां जोरानें घासणें किंवा यंत्रानें पॉलिश करून घेणें, म्हणजे ह्या केंसभर ठेवींतून दर वेळीं थोडें थोडें काढून खर्च करणें होय.

आतां फराटा म्हणजे काय? गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश आरशाप्रमाणें एका दिशेस परततो, आणि त्यासच आपण चकाकी म्हणतों. पृष्ठभागावर कोठें मेण जाड, कोठें पातळ राहिलें, तर प्रकाश वेडावांकडा विखुरतो व तेथें पट्टा दिसतो. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर हा पट्टा विशेष उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवरही तो असतो, पण झांकला जातो. ह्याचा एक सोपा प्रयोग घरीं करून पाहावा. स्टीलच्या थाळ्याच्या पाठीवर एका अंगास खोबरेल तेलाचा एक थेंब व दुसऱ्या अंगास पांच थेंब लावावे, आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळां फडक्यानें पुसाव्या. पहिल्या बाजूस झळाळी दिसेल, दुसऱ्या बाजूस फडक्याच्या प्रत्येक फेऱ्याची रेघ दिसेल. दोन्हींकडे तेल तेंच, फडकेंही तेंच. फरक केवळ प्रमाणाचा.

प्रमाणाधिक्य हें फराट्यांचें पहिलें व मुख्य कारण. दुसरें कारण तापलेला पत्रा. उन्हांत उभ्या केलेल्या गडद गाडीच्या पत्र्यास हात लाववत नाहीं. अशा पत्र्यावर फवारा पडतांच पाणी उडून जातें, आणि मेण जेथें पडलें तेथेंच ठिपक्या-ठिपक्यांनीं चिकटून बसतें. तिसरें कारण अस्वच्छता: धूळ, साबणाचा अंश, अथवा पूर्वींच्या मेणाचे थर खालीं राहिले असतां नवें मेण सारखें बसत नाहीं. चवथें कारण भिजून चिंब झालेलें फडकें. तें मेण टिपीत नाहीं, केवळ येथचें तेथें नेतें.

आमच्या भागाच्या हवेनें ह्या कारणांत आणखी भर घातली आहे. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश भट्टीसारखा तापतो, आणि जून ते सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते कीं दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहींत. म्हणजे उन्हाळ्यांत फवाऱ्यांतील पाणी फार लवकर उडतें, आणि पावसाळ्यांत तें उडतच नाहीं व मेणाचा चिकट लगदा पत्र्यावर रेंगाळतो. ह्यास्तव उन्हाळ्यांत हें काम सूर्य वर येण्यापूर्वीं सावलींत करावें. पावसाळ्यांत उघडीप पाहून, छपराखालीं, नेहमींच्या निम्मेंच मेण घेऊन करावें, आणि कोरडीं फडकीं अधिक हाताशीं ठेवावीं. पत्रा थंड आहे कीं नाहीं हें पाहण्यास तळहाताची उलटी बाजू त्यावर टेकवावी. ती सुखानें टेकली तर काम आरंभावें. ऊब लागली तर थांबावें.

पाण्याचाही विचार केला पाहिजे. उल्हास नदीवरील बदलापूरच्या बंधाऱ्याचें अथवा बारवी धरणाचें नळास येणारें पाणी निराळें, आणि विंधणविहिरीचें पाणी निराळें. विहिरीच्या पाण्यांत खडकांतून आलेले चुन्यासारखे क्षार अधिक असूं शकतात. तें पाणी गाडीवर आपोआप वाळूं दिलें तर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, आणि पुष्कळ लोक त्यांस मेणाचे डाग समजून मेणास दोष देतात. कोणतेंही पाणी असो, गाडी वाळूं न देतां पुसून कोरडी करावी.

आतां प्रत्यक्ष कृति. दोन बादल्या घ्याव्या; एकींत गाडीचा शाम्पू मिसळलेलें पाणी, दुसरींत निव्वळ पाणी. कोरड्या गाडीवर फडकें कधींही फिरवूं नये. प्रथम पाणी ओतून सैल झालेली धूळ वाहूं द्यावी. पुराच्या पाण्यांत उभ्या राहिलेल्या गाडीस हें विशेष लागू आहे. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांस सोडवावें लागलें, हें सर्वांस आठवत असेल. अशा पुरानंतर गाडीवर जो गाळ बसतो त्यांत बारीक रेती असते. तीवरून फडकें फिरविणें म्हणजे रंगास कांचकागदानें घासणें होय. धूळ वाहून गेल्यावर वरून खालीं, प्रथम टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दारें व शेवटीं चाकांजवळचा भाग, ह्या क्रमानें धुवावें. दर खेपेस फडकें निव्वळ पाण्याच्या बादलींत खळबळून मगच पुन्हां शाम्पूंत बुडवावें. नंतर सर्व गाडी स्वच्छ पाण्यानें धुऊन कोरडी पुसावी. बाजूच्या आरशांच्या, दारांच्या मुठींच्या व नंबरपाटीच्या खांचांत पाणी दडून राहतें आणि मेण चढविल्यावर हळूच ओघळून फराटा पाडतें. म्हणून दारें एकदोनदां उघडून मिटावीं व खांचा निपटून घ्याव्या.

मेणासाठीं मायक्रोफायबरचीं दोन स्वच्छ, कोरडीं फडकीं घ्यावीं. एक पसरण्यास, दुसरें पुसण्यास. प्रत्येकाची दुहेरी घडी करून पुन्हां एकदां घडी करावी, म्हणजे उलटून-पालटून आठ स्वच्छ बाजू मिळतात. शिशी हलवून घ्यावी. सर्व गाडीवर एकदम फवारा उडविणें ही फार प्रचलित चूक आहे. शेवटच्या दारापर्यंत हात पोंहोंचेतों पहिलें दार वाळलेलें असतें. सुमारें दीड-दोन फूट लांबी-रुंदीचा एकच भाग घ्यावा. त्यावर एक, फार तर दोन फवारे उडवावे. वारा असेल तर फवारा फडक्यावरच उडवावा. लागलीच पहिल्या फडक्यानें मेण पसरावें. हात गोल गोल न फिरवितां, इस्त्री फिरवितांना जसा सरळ जातो तसा, एक ओळ दुसरीवर थोडी चढेल अशा रीतीनें न्यावा. मग वेळ न दवडतां दुसऱ्या कोरड्या फडक्यानें तोच भाग हलक्या हातानें पुसावा. येथें जोराची आवश्यकता नाहीं. फडकें सुलभतेनें घसरूं लागलें कीं काम झालें. तें अडखळत असेल तर मेण अधिक आहे किंवा फडकें ओलें आहे, असें समजून फडक्याची बाजू बदलावी. एक भाग पुरा झाल्याखेरीज दुसऱ्यास हात लावूं नये.

सर्व गाडी झाल्यावर समोरून नव्हे, तर वांकून तिरक्या नजरेनें पाहावें; सावलींत विजेची बॅटरी तिरपी धरावी. फराटा दिसला तर अधिक मेण ओतूं नये व नखानेंही खरवडूं नये. स्वच्छ पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेलें फडकें त्यावरून एकदां फिरवावें आणि लगेच कोरड्यानें पुसावें. बहुतेक फराटे एवढ्यानें जातात. मेण वाळून घट्ट बसलें असेल तर त्यावर अगदीं थोडा फवारा उडवून तें मऊ करावें व पुसून काढावें. सबंध गाडीच ढगाळ दिसत असेल तर शाम्पूनें धुऊन दुसरे दिवशीं पुन्हां आरंभ करणें हेंच शहाणपणाचें. हें मेण कांहीं आठवडेच टिकतें, मुसळधार पावसांत त्याहूनही कमी. म्हणून एकदांच जाड थर देऊन वर्षाची बेगमी करूं जाणें व्यर्थ आहे. पाणी गोल थेंबांनीं न राहतां पसरूं लागलें, म्हणजे पुन्हां वेळ आली असें समजावें.

कांहीं ठिकाणीं हें मेण मुळींच लावूं नये, आणि हा भाग विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावा, कारण येथें प्रश्न चकाकीचा नसून जिवाचा आहे. पुढील काचेवर मेणाचा अंश राहिला तर पावसांत पाणी पुसणाऱ्या पट्ट्या तो काचभर फांसतात, आणि रात्रीं समोरून येणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशांत चालकास रस्ता दिसेनासा होतो. ब्रेकच्या तबकडीस मेण लागलें तर ब्रेक घसरतो. दुचाकीच्या उघड्या तबकडीस हा धोका फार. टायर, पायटे, सुकाणूचें चाक व दुचाकीची बैठक ह्यांवरही तें नको. अशा जागांजवळ काम करतांना फवारा नेहमीं फडक्यावर घ्यावा. काळ्या खरबरीत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत मेण शिरून पांढरें दिसतें, आणि ज्या गाडीचा रंग मुद्दामच निस्तेज ठेवलेला असतो तिच्यावर चकाकीचें मेण डागासारखें दिसतें. तेव्हां तेथेंही हात आवरावा.

फडक्यांची निगा हें अर्धें काम होय. जमिनीवर पडलेलें फडकें झटकून पुन्हां वापरूं नये. त्यांत अडकलेला एक खडा सर्व दारावर रेघ ओढील. फडकीं इतर कपड्यांत न मिसळतां साध्या पातळ साबणानें धुवावीं. कपडे मऊ करणारें द्रव्य वापरूं नये, कारण तें धाग्यांवर बसून पुढें गाडीवर तेलकट पट्टे उमटवितें. इस्त्री न करतां सावलींत वाळवावीं.

ह्या संबंधांत पालकांस एक विनंति. कित्येक वसाहतींत पहांटे येऊन अनेक गाड्या पुसणारे कामगार असतात. एक बादली व एक फडकें घेऊन ते दहा गाड्या पुसतात; दहाव्या गाडीवर ओरखडे पडले म्हणजे मालक रागावतो. दोष त्या मनुष्याचा नसून नऊ गाड्यांची रेती सांठविलेल्या त्या एका फडक्याचा आहे. प्रत्येक मालकानें आपल्या गाडीसाठीं दोन फडकीं व एक स्वच्छ बादली पाणी दिलें, तर थोड्या खर्चांत गाडीही राखली जाईल आणि गरिबाचा रोजगारही.

पाणी मात्र जपून वापरावें. नळी किती पाणी खाते हें विद्यार्थ्यांनीं स्वतः मोजून पाहावें. १५ लिटरची बादली नळीनें एका मिनिटांत भरत असेल, तर दहा मिनिटांच्या धुण्यास १५० लिटर लागतील; बादल्यांनीं तेंच काम ४०-५० लिटरांत होतें. शिवाय हें साबणाचें पाणी जातें कोठें? अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरांतून पुढें जाऊन कल्याणजवळ उल्हासेस मिळते, आणि जिच्यावरून १९४९ सालीं निर्वासितांच्या छावणीस उल्हासनगर हें नांव मिळालें, ती हीच उल्हास. २०१४ सालीं वालधुनींत सोडलेल्या रसायनांच्या वायूनें उल्हासनगरांतील शेंकडों लोक आजारी पडले. कारखान्यांच्या अपराधापुढें आपली एक बादली कांहींच नव्हे, हें खरें. तथापि ओढ्याकांठीं किंवा नदीच्या पात्रांत गाडी धुणें हें कोणासही शोभणारें नाहीं.

तात्पर्य, चकाकी शिशींतून येत नाहीं. ती धुण्यांतून व पुसण्यांतून येते. मेण घेतांना हात आंखडता ठेवावा आणि पुसतांना सढळ करावा. ज्यांस ही रीत शिकावयाची असेल त्यांनीं येत्या सुटीच्या दिवशीं सकाळीं वडिलांच्या अनुमतीनें गाडीच्या एकाच दारापासून आरंभ करावा. तें दार निर्दोष साधलें म्हणजे मगच दुसऱ्यास हात घालावा.